पोटाला लागलेला ‘मुका मार’ जिवावर का बेतू शकतो? ‘कुली’च्या सेटवर हेच झालं होतं!

बाईकवरून पडल्यावर आपण आधी काय बघतो? रक्त आलंय का, हाड मोडलंय का. तसं काही दिसलं नाही की, “मुका मार आहे, हळद-दूध घे आणि झोप,” असं म्हणून विषय संपतो. पण मार पोटाला असेल तर हा सल्ला महागात पडू शकतो.

जुलै १९८२ मध्ये बंगळुरूला ‘कुली’चं शूटिंग सुरू होतं. मारामारीच्या सीनमध्ये अमिताभ बच्चन यांच्या पोटाला टेबलाचा कोपरा लागला. बाहेर मोठी जखम नव्हती, पण आत आतडं फाटलं होतं. पुढे शस्त्रक्रिया झाल्या आणि मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ते अक्षरशः मृत्यूच्या दारातून परत आले.

आत नेमकं काय होतं?

पोटात दोन प्रकारचे अवयव असतात. यकृत आणि प्लीहा (पाणथरी) हे भरीव अवयव रक्ताने भरलेले असतात. ते फाटले की रक्त पोटातच साचत जातं. आतडं पोकळ असतं. ते फाटलं तर आतली घाण पोटात पसरते आणि जंतुसंसर्ग होतो. याची लक्षणं कधीकधी काही तासांनी दिसतात.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यातलं बरंच रक्त जाईपर्यंत शरीर रक्तदाब टिकवून धरतं, विशेषतः तरुणांमध्ये. म्हणून “बीपी नॉर्मल आहे, बोलतोय नीट” यावर विसंबून चालत नाही. नाडी जलद होणं हे आधीचं लक्षण आहे.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- पोटदुखी वाढत जाणं, पोट फुगणं किंवा कडक होणं
- उलट्या, चक्कर, थंड घाम, चेहरा पांढरा पडणं
- डाव्या खांद्यात विनाकारण दुखणं (प्लीहेतून रक्तस्राव होत असेल तर असं होऊ शकतं)
- लघवीतून रक्त येणं
- पोटावर सीटबेल्टचा वळ उठणं

सायकलवरून पडलेल्या मुलाच्या पोटात हँडल घुसलं असेल, तर बाहेर छोटासा गोल वण असला तरी डॉक्टरांना दाखवा. अशा माराने स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा होऊ शकते.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत

१०८ वर फोन करा. जखमीला आडवं झोपवा, अंगावर पांघरूण घाला. पाणी, चहा, खाणं काहीही देऊ नका, कारण शस्त्रक्रिया करावी लागू शकते. पोट चोळू नका, मनाने पेनकिलर देऊ नका. पोटात काही घुसलं असेल तर ते उपसू नका. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कापडाने झाका.

अनोळखी जखमीला मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं.

उपचार कसे होतात?

आधी सोनोग्राफी करून पोटात रक्त साचलंय का ते बघतात. प्रकृती स्थिर असेल तर सीटी स्कॅन होतो. प्रत्येक वेळी ऑपरेशन लागतंच असं नाही. यकृत-प्लीहेच्या अनेक जखमा देखरेखीखाली आपोआप भरतात. आतडं फाटलं असेल तर मात्र शस्त्रक्रिया करावी लागते. प्लीहा काढावीच लागली, तर न्यूमोनियासारख्या आजारांच्या लसी घ्याव्या लागतात.

म्हणून डॉक्टर “रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी एक दिवस थांबा” म्हणाले, तर त्यांना बिल वाढवायचंय असं लगेच समजू नका. फाटलेलं आतडं पहिल्या तपासणीत निसटू शकतं. आणि गाडीत बसल्यावर सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावर नाही, कंबरेच्या हाडांवर घ्या!

माहिती उपयोगी वाटली तर घरच्या ग्रुपवर नक्की पाठवा.