मोटारीच्या रंगावरील चक्री ओरखडे : कारणे, प्रतिबंध आणि निवारण

गोषवारा

मोटारीच्या रंगावर उन्हात किंवा दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. हे ओरखडे कसे पडतात, ते वर्तुळाकार का भासतात, ते टाळावेत कसे आणि पडल्यास काढावेत कसे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. ओरखडा काढणे म्हणजे तो भरणे नव्हे, तर त्याच्या भोवतालचा थर झिजवणे होय. म्हणून निवारणापेक्षा प्रतिबंधास अधिक महत्त्व द्यावे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : पारदर्शक थर, चक्री ओरखडे, धूलिकण, घर्षण, पॉलिश.

प्रस्तावना

मोटार ही आज केवळ धनिकांची वस्तू राहिलेली नाही. नोकरदार कुटुंब कर्ज काढून, पाच-सात वर्षे हप्ते फेडून ती घेते. दसऱ्याला तिला धुऊन-पुसून झेंडूचा हार घातला जातो, हळदकुंकू वाहिले जाते. अशा या जपलेल्या गाडीच्या बोनेटवर वर्ष-दोन वर्षांतच बारीक ओरखड्यांचे जाळे दिसू लागते. गडद रंगावर, विशेषतः काळ्या रंगावर, ते अधिक ठळक असते. मग दोष कोणाला द्यायचा, हा प्रश्न उभा राहतो.

प्रस्तुत लेखकाच्या गृहसंकुलात काही महिन्यांपूर्वी हाच प्रश्न रहिवाशांच्या बैठकीत आला. रोज पहाटे गाड्या पुसणाऱ्या कामगाराचा ‘हात जड’ आहे, त्याच्यामुळेच गाड्या खराब झाल्या, असा आरोप झाला आणि त्याला कामावरून काढण्याची भाषा सुरू झाली. एक बादली पाणी आणि एक फडके यांवर तो सुमारे पंधरा गाड्या पुसत असे. दोष हाताचा की पद्धतीचा, हे ठरवण्यासाठी रंगाची रचना आणि ओरखड्याचे विज्ञान समजून घेणे आवश्यक आहे. हा लेख त्याच गरजेतून लिहिला आहे.

१. रंगाची रचना

आपण ज्याला मोटारीचा ‘रंग’ म्हणतो तो एक थर नसून अनेक थरांची रचना असते. पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया केली जाते. त्यानंतर विद्युतभाराच्या साहाय्याने गंजरोधक प्रायमर चढवतात. त्यावर दुसरा प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, म्हणजेच क्लियर कोट, असतो. या सर्वांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांपैकी पारदर्शक थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असतो.

गाडीची झळाळी याच थरामुळे असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात. चक्री ओरखडे याच थराच्या पृष्ठभागावर पडतात. ते सहसा खालच्या रंगापर्यंत पोहोचत नाहीत, आणि म्हणूनच ते काढणे शक्य असते.

जुन्या काळी हा पारदर्शक थर नसे. १९२३ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्युको’ हा लवकर वाळणारा रंग मोटारींवर वापरला जाऊ लागला. आपल्याकडील कारागिरांच्या तोंडी ‘ड्युको’ हा शब्द आजही आहे. अशा एकेरी रंगाच्या गाडीला पॉलिश करताना फडक्याला गाडीचाच रंग लागतो. पारदर्शक थर असलेल्या गाडीत तसे होत नाही. आपल्या गाडीवर कोणता रंग आहे, हे ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

२. ओरखडे वर्तुळाकार का दिसतात?

फडके गोल फिरवल्यामुळे गोल ओरखडे पडतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो बहुतांशी चुकीचा आहे. घरातील स्टीलचे जुने ताट दिव्याखाली धरून पाहावे. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक वर्तुळे दिसतील. ताट किंचित हलवले की प्रतिबिंब सरकते आणि वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. ओरखडे खरोखर गोल असते, तर ते जागचे हलले नसते.

याचे कारण प्रकाशाच्या परावर्तनात आहे. प्रत्येक ओरखडा ही एक अतिसूक्ष्म चर असते. ती प्रकाश मुख्यतः आपल्या लांबीला आडव्या दिशेने फेकते. पृष्ठभागावर सर्व दिशांना असंख्य ओरखडे असतात. परंतु त्यांपैकी जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती काढलेल्या वर्तुळाच्या स्पर्शरेषेत असतात, त्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. बाकीचे ओरखडे असूनही दिसत नाहीत. निवडक ओरखड्यांच्या या तुकड्यांतून डोळ्याला वर्तुळांचा भास होतो.

या ज्ञानाचा व्यावहारिक उपयोग आहे. डोके हलवल्यावर वर्तुळे प्रकाशाबरोबर सरकली, तर ते पुसण्याने किंवा धुण्याने पडलेले सामान्य ओरखडे समजावेत. याउलट ठरावीक जागी, ठरावीक वळणाचे पट्टे दिसत असतील, तर ते बहुधा अकुशल हाताने चालवलेल्या पॉलिश यंत्राचे व्रण असतात.

३. ओरखडे कशामुळे पडतात?

फडके स्वतः क्वचितच ओरखडे पाडते. ते पाडतात फडक्यात अडकलेले धूलिकण. फ्रीड्रिश मोहस यांनी १८१२ साली मांडलेल्या खनिजांच्या कठीणपणाच्या श्रेणीत हिऱ्याचे स्थान १० आहे. वाळूतील क्वार्ट्झचे स्थान ७, तर दख्खनच्या काळ्या पाषाणातील फेल्डस्पारचे ६ आहे. नेहमीची काच साधारण ५.५ च्या आसपास येते. मोटारीचा पारदर्शक थर हा तर काचेहून कितीतरी मऊ असा बहुवारिक पदार्थ आहे. रस्त्यावरची धूळ, बांधकामाची वाळू आणि खडी फोडणाऱ्या यंत्रांचा कच हे सर्व त्याहून कठीण आहेत. असा कण फडक्याखाली दाबून सरकला की चर पडणे अटळ असते.

या दृष्टीने आपल्या काही नित्याच्या सवयी तपासल्या पाहिजेत.

(अ) कोरड्या फडक्याने किंवा झाडणीने धूळ झटकणे. यात कणांना तरंगत ठेवणारे पाणी नसल्याने प्रत्येक कण रंगावर घासला जातो.

(आ) एकाच बादलीत फडके पुन्हा पुन्हा बुडवणे. पहिल्या गाडीची माती बादलीत उतरते आणि पुढील प्रत्येक गाडीवर चढते. पंधराव्या गाडीवर चौदा गाड्यांची माती फिरते.

(इ) धूळ बसलेल्या गाडीवर कापडी आच्छादन घालणे. वाऱ्याने ते फडफडते आणि आतील धूळ रंगावर घासत राहते. रक्षणासाठी घेतलेली वस्तूच अशा वेळी अपायकारक ठरते.

(ई) जमिनीवर पडलेले फडके झटकून पुन्हा वापरणे, तसेच चाकांसाठी वापरलेले फडके बोनेटवर वापरणे.

हात जड असला तर ओरखडा अधिक खोल जातो, हे खरे; परंतु कणच नसेल, तर जड हातही फारशी हानी करू शकत नाही आणि कण असेल, तर हलका हातही ओरखडा पाडतो.

४. प्रतिबंध

धुण्याची योग्य पद्धत पुढीलप्रमाणे सांगता येईल. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी. हात लावण्यापूर्वी भरपूर पाणी ओतून सुटी माती वाहून जाऊ द्यावी. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात : एकीत गाडीचा सौम्य शाम्पू मिसळलेले पाणी, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचे जाड, मऊ कापड प्रथम शाम्पूच्या पाण्यात बुडवून गाडीचा एक भाग धुवावा, मग ते साध्या पाण्यात खळबळून माती सोडवावी आणि नंतरच पुन्हा शाम्पूत बुडवावे. बादलीच्या तळाशी जाळी ठेवल्यास खाली बसलेली माती पुन्हा वर येत नाही. छतापासून सुरुवात करून खाली यावे. सर्वांत मळकट असलेला चाकांजवळचा भाग शेवटी घ्यावा. कापड सरळ रेषेत आणि दाब न देता फिरवावे. कपड्यांचा सोडा किंवा भांड्यांचा साबण वापरू नये. त्याने मेणाचा संरक्षक लेप निघून जातो.

शेवटी स्वच्छ, कोरड्या मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्यावे. बोअरचे पाणी जड असल्यास ही पायरी टाळू नये. पाणी वाळल्यावर कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे पांढरे डाग उरतात आणि ते खरवडताना नवे ओरखडे पडतात.

पाणीटंचाईच्या महिन्यांत हे सर्व शक्य नसते. अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवावी : गाडीवर नुसती बसलेली कोरडी धूळ रंगाला ओरखडा पाडत नाही, कोरडी पुसलेली धूळ पाडते. रोज कोरडे पुसण्यापेक्षा आठ-दहा दिवसांनी एकदा नीट धुणे श्रेयस्कर. पक्ष्यांची विष्ठा मात्र रंगाला खाते, म्हणून ती ओल्या कापडाने भिजवून लगेच उचलावी.

५. निवारण

प्रथम ओरखड्याची खोली पाहावी. त्यावरून नख हलकेच आडवे फिरवावे. नख अडकत नसेल, तर ओरखडा पॉलिशने जाण्याची शक्यता असते. नख अडकत असेल, तर तो बहुधा खोल असतो. तो पॉलिशने पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. प्रायमर किंवा पत्रा दिसत असल्यास रंगकाम करणे हाच उपाय. तेथे विलंब केल्यास गंज चढतो.

वरवरचे ओरखडे काढण्यासाठी गाडी धुऊन, विशेष मातीच्या वडीने, म्हणजे क्ले बारने, चिकटलेले कण काढावेत. रबर व प्लॅस्टिकचे भाग पट्टी लावून झाकावेत. मग अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे सूक्ष्म घर्षक असलेले पॉलिश लहानशा भागावर वापरून पाहावे. सर्वांत सौम्य पॉलिश आणि सर्वांत मऊ पॅड यांपासून सुरुवात करावी. आवश्यक तेवढीच तीव्रता वाढवावी. नवशिक्याने फिरता फिरता डोलणारे, म्हणजे ड्युअल अॅक्शन, यंत्र वापरावे. केवळ गोल फिरणारे यंत्र एकाच जागी उष्णता निर्माण करते आणि कडांवरचा थर क्षणात उडवू शकते. काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसून तपासावे. कारण पॉलिशमधील तेल ओरखडे तात्पुरते झाकते.

येथे मूळ मुद्दा येतो. पॉलिश ओरखडा भरत नाही. ते भोवतालचा पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणते. समजा, पारदर्शक थर ४० मायक्रॉनचा आहे आणि दरवेळी ४ मायक्रॉन झिजतात. पाच वेळा ‘रबिंग-पॉलिश’ केल्यावर २० मायक्रॉन उरतील. हानी मात्र केवळ निम्मी होत नाही. शोषक थरातून पार होणारे किरण जाडीनुसार घातांकी नियमाने बदलतात. ४० मायक्रॉनचा थर शंभरातील १ भाग अतिनील किरण आत सोडत असेल, तर २० मायक्रॉनचा तसाच थर १० भाग सोडेल. थर निम्मा झाला, पण खालच्या रंगावरचा मारा दसपट झाला. काही वर्षांनी छतावर व बोनेटवर पांढुरके चट्टे पडून पापुद्रे सुटतात, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे. जाडीमापक यंत्र एकूण जाडी दाखवते, पारदर्शक थराची वेगळी जाडी दाखवत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

६. काही गैरसमज

खोबरेल तेलाने ओरखडे ‘जातात’ असे वाटते, कारण तेल चरीत भरते आणि त्याचा अपवर्तनांक पारदर्शक थराच्या जवळपास असल्याने प्रकाश तेथे विखुरत नाही. तेल निघाले की ओरखडा पुन्हा दिसतो. शिवाय तेलकट पृष्ठभागावर धूळ चिकटते. टूथपेस्टमध्ये घर्षक असते, परंतु ते रंगासाठी बनवलेले नसते. सिरॅमिक लेपाच्या जाहिरातीतील ‘९ एच’ हा अंक पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीचा आहे, मोहस श्रेणीचा नव्हे. असा लेप पाणी व मळ सहज सोडतो, पण वाळूच्या कणापासून अभय देत नाही. निसान कंपनीने २००५ साली किरकोळ ओरखडे उष्णतेने आपोआप भरून येणारा पारदर्शक थर जाहीर केला होता. पॉलियुरेथेनच्या संरक्षक फिल्ममध्येही असा गुण आढळतो. तथापि खोल ओरखड्यांवर त्यांचाही इलाज चालत नाही.

निष्कर्ष

१. चक्री ओरखडे हे वस्तुतः सर्व दिशांचे सूक्ष्म ओरखडे असून त्यांचे वर्तुळाकार दिसणे हा प्रकाशाचा परिणाम आहे.

२. त्यांचे मुख्य कारण धूलिकण आणि धुण्या-पुसण्याची सदोष पद्धत हे आहे.

३. पारदर्शक थर ही मर्यादित पुंजी आहे. प्रत्येक पॉलिश हा त्या पुंजीतील खर्च असून तो परत मिळत नाही.

४. म्हणून पॉलिश क्वचित व सौम्य असावे. प्रतिबंध मात्र नित्य असावा.

ज्या बैठकीचा उल्लेख आरंभी केला, तिच्या पुढच्या सभेत वरील विवेचन रहिवाशांपुढे ठेवण्याची संधी लेखकास मिळाली. एक बादली व एक फडके देऊन पंधरा गाड्या चकचकीत मागणारे आपणच होतो, हे अनेकांनी मान्य केले. त्या कामगारास दोन बादल्या, प्रत्येक गाडीचे स्वतंत्र कापड आणि वाहनतळावरील नळ वापरण्याची परवानगी देण्यात आली. रोज पुसण्याऐवजी प्रत्येक गाडी आठवड्यातून एकदा धुण्याचे ठरले आणि त्याचे वेतन पूर्वीइतकेच ठेवण्यात आले. जुने ओरखडे त्यामुळे गेले नाहीत. नवे पडण्याचे मुख्य कारण मात्र दूर झाले आणि एका माणसाची रोजी वाचली.