पहिल्या पुस्तकाचे पैसे

परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर घाटनांदूर लागतं. अंबाजोगाई तालुक्यातलं, बालाघाटावरचं मोठं गाव. तालुक्याचं ठिकाण जवळच. तिथं 'विवेकसिंधू'कार मुकुंदराजांची समाधी आहे, आणि दासोपंतांनी ज्या कापडावर 'पंचीकरण' लिहिलं ती लांबच लांब पासोडीही आहे. लिहिण्याची परंपरा या भागाला शोधून आणावी लागत नाही. पण आज घाटनांदुरात पंचविशीतली एखादी मुलगी वहीत कादंबरी उतरवत बसली असेल, तर तिला कुणाकडून, किती आणि कधी पैसे मिळू शकतात, याचं उत्तर तिच्या आसपास क्वचितच कुणी देऊ शकेल. उत्तर 'कुणीच देत नाही' असं नाही. देणारे आहेत. अडचण आहे ती ते कधी देतात याची.

त्यातला सगळ्यात मानाचा म्हणजे साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार. अकादमी १९५४ची, युवा पुरस्कार सुरू झाला २०११ मध्ये. चोवीस भाषांमधल्या लेखकांना तो दिला जातो. त्या वर्षाच्या १ जानेवारीला लेखकाचं वय पस्तीस किंवा त्याहून कमी हवं. ५०,००० रुपये आणि ताम्रपट. अकादमी दरवर्षी जाहिरात देऊन पुस्तकं मागवते. प्रकाशकानं पाठवलं नाही, तर लेखकाला स्वतः पुस्तक आणि जन्मतारखेचा पुरावा पाठवता येतो. हे अनेकांना माहीतच नसतं. पुरस्कार म्हणजे वर कुणीतरी आपलं नाव सुचवावं लागतं, अशी समजूत गावोगाव घट्ट आहे, आणि ती समजूत चांगल्या पुस्तकांचं नुकसान करते.

मराठीतला पहिला युवा पुरस्कार ऐश्वर्य पाटेकर यांच्या 'भुईशास्त्र' या कवितासंग्रहाला मिळाला. पुढची यादी वाचत गेलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते: शहरांबाहेरचा, कोरडवाहू महाराष्ट्र इथं ठामपणे उभा आहे. २०१५ साली वीरा राठोड यांच्या 'सेनं सायी वेस'नं तांड्यावरचं जगणं मराठी कवितेत आणलं. २०१८ साली जत तालुक्यातल्या नवनाथ गोरे यांची 'फेसाटी' होती. २०२४ साली तुळजापूरच्या देविदास सौदागर यांची 'उसवण'.

सौदागर यांच्याविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण तुळजापूर बालाघाटाच्याच रांगेवर आहे आणि त्यांची गोष्ट या भागातल्या कुणालाही आपली वाटेल. ते शिवणकाम करायचे. रखवालदाराची नोकरीही त्यांनी केली. 'उसवण'ही शिंप्याचीच कादंबरी: रेडिमेड कपडे आले, आणि मापं घेऊन शिवणाऱ्या माणसाच्या हातातलं काम निघून गेलं. ज्या मशीनवर पोट चालतं त्याच मशीनचं उसवत जाणं लिहायचं, आणि तेही दिवसाचं काम संपल्यावर. या लेखनाला कुठलीही फेलोशिप नव्हती. लेखकानं स्वतःची झोप मोडून ते उभं केलं. पुरस्कार आला तो त्यानंतर.

नवनाथ गोरे यांचं तर पुरस्कारानंतरचं आयुष्यही सगळ्यांसमोर आहे. ते तासिका तत्त्वावर महाविद्यालयात शिकवत होते. २०२०च्या टाळेबंदीत ते काम थांबलं, आणि अकादमीचा पुरस्कार मिळालेला हा कादंबरीकार दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेला. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, मग मदतीचे हात पुढे झाले. मजुरीत कमीपणा काही नाही. बीड जिल्ह्याला ऊसतोडीसाठी गाव सोडणं नवं नाही. पण पन्नास हजार रुपये एकदाच मिळतात आणि एका घरात ते किती दिवस पुरतात, याचा हिशेब त्या बातम्यांनी सगळ्यांसमोर मांडला. मला हा पुरस्कार मोलाचा वाटतो. तो नसता तर ही पुस्तकं इतक्या वाचकांच्या हातात पडली नसती. त्यानं लेखकाला नाव दिलं. लिहायला सवड द्यायचं काम त्याच्याकडे कधी सोपवलेलंच नव्हतं.

हा पेच मराठीत जुना आहे. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजी अंमलात त्या पैशाचं काय करायचं यावरून पुण्यात वाद पेटला. सुधारक तरुणांनी १८४९ मध्ये अर्ज करून मागणी केली की हा पैसा चांगल्या मराठी ग्रंथांना द्यावा. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी आली. नवोदित मराठी लेखकाला सरकारी तिजोरीतून मदत करण्याची ही पहिली मोठी व्यवस्था. १८५५ मध्ये अठ्ठावीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक या कमिटीपुढे ठेवलं. भोळ्या शेतकऱ्याला जोशीबुवा कसा लुबाडतो, आणि शिक्षणानं तो कसा सावध होतो, हा त्याचा विषय. कमिटीनं ते नाकारलं. त्यातल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवलं आहे. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं. निवड समितीत कोण बसतं, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक अनुदानाला आणि प्रत्येक पुरस्काराला विचारावा लागतो. आजही विचारावा.

राज्य झाल्यावर, १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. या मंडळाची नवलेखक अनुदान योजना घाटनांदूरच्या त्या मुलीला सगळ्यात जवळची आहे. अजून एकही पुस्तक नावावर नसलेल्या लेखकाचं हस्तलिखित मंडळ मागवतं, जाणकारांकडून तपासून घेतं, आणि पसंत पडलं तर प्रकाशनासाठी अनुदान देतं. मंडळ नवलेखकांसाठी कार्यशाळाही घेतं. मराठवाड्यात पहिला कवितासंग्रह म्हणजे कवीनंच पदरचे पैसे भरून काढलेलं पुस्तक, आणि मग घरात साठलेले गठ्ठे, हा अनुभव सर्रास आहे. त्या खर्चातून ही योजना सोडवते, म्हणून तिची माहिती गावातल्या प्रत्येक वाचनालयाच्या फळ्यावर असायला हवी.

पुस्तक निघालं की राज्य सरकारचे वाङ्मय पुरस्कार आहेत. त्यांत पहिल्या प्रकाशनासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि त्याची नावं सुरेख ठेवली आहेत: कादंबरीला श्री. ना. पेंडसे, लघुकथेला ग. ल. ठोकळ, नाटकाला विजय तेंडुलकर, ललितगद्याला ताराबाई शिंदे. काव्याचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावे आहे. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. त्यांच्या कविता पुस्तकरूपानं आल्या त्या १९५२ मध्ये. स्वतःचं पुस्तक ज्यांनी पाहिलं नाही, त्यांच्या नावानं पहिलं पुस्तक गौरवलं जातं. हे नाव सुचवणाऱ्याला मी मनापासून दाद देतो.

आता मंडळाकडे हस्तलिखित पाठवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते बघू. वही पाठवून भागत नाही. टंकलिखित प्रत लागते. म्हणून तालुक्याला डीटीपीवाल्याकडे जायचं. तो पानाचे पैसे घेतो. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवतो, कारण लग्नपत्रिका आणि बॅनर तो त्यातच करतो. नंतर कुणी युनिकोडमधली फाइल मागितली की रूपांतरात जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मग दोनशे पानांचं प्रूफ पुन्हा डोळ्यांत तेल घालून वाचायचं. मोबाइलवर बोटानं थेट युनिकोडमध्ये लिहिणारी मुलं इथं पुढे निघून जातात. वहीत लिहिणाऱ्यांनी निदान टंकन करून घेण्याआधीच युनिकोडचा आग्रह धरावा. पैसे आणि महिने दोन्ही वाचतात.

पुस्तक होण्याआधी पैसे देणाऱ्या योजना थोड्या, पण आहेत. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये पीएम-युवा योजना आणली आणि ती नॅशनल बुक ट्रस्टकडे दिली. तीस वर्षांखालचे ७५ लेखक निवडायचे, सहा महिने दरमहा ५०,००० रुपये द्यायचे, मार्गदर्शक द्यायचा, पुस्तक निघाल्यावर १० टक्के रॉयल्टी. युवा पुरस्काराची सबंध रक्कम इथं एका महिन्यात मिळते. लिहिण्याच्या काळासाठी मिळणारा एवढा पैसा मराठी तरुणानं क्वचितच पाहिला असेल. अट मात्र कडक: विषय सरकार ठरवतं, कधी स्वातंत्र्यलढा, कधी लोकशाही, आणि कथा-कवितेला जागा नाही. तरी ज्याला हैदराबाद मुक्तिसंग्रामावर लिहायचं आहे अशा अंबाजोगाई तालुक्यातल्या मुलानं स्वातंत्र्यलढ्याच्या त्या पहिल्या फेरीत अर्ज करायलाच हवा होता.

गाणाऱ्या-नाचणाऱ्यांसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती आहे: १८ ते २५ वयोगट, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. २५ ते ४० वयाच्या कलावंत-अभ्यासकांना कनिष्ठ फेलोशिप, दरमहा १०,००० रुपये, तीही दोन वर्षं. भारूड, गोंधळ, वाघ्या-मुरळी यांचा वारसा घरात असलेल्या मुलांनी इकडे लक्ष द्यावं.

राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि कामाला निवांत वेळ देणारी निवासवृत्ती आपल्याकडे अजून रुजलेली नाही. बेंगळुरूजवळच्या संगम हाउसमध्ये भारतीय भाषांतल्या लेखकांनाही जागा मिळते. मराठी लेखकांत दिलीप चित्रे १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात राहून आले. चित्रकारांत वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. तेव्हा ते चाळिशीचे होते, पण त्यांच्या चित्रांचे ग्राहक अजून मोजकेच होते. दोघांच्याही मागे मुंबई होती, इंग्रजी होतं, माहिती देणारी माणसं होती. घाटनांदूरला यातलं एकच कमी पडतं असं म्हणता येणार नाही, तरी माहिती ही सगळ्यात स्वस्तात भरून काढता येणारी उणीव आहे.

अंबाजोगाईत दरवर्षी नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह भरतो. कविसंमेलन, संगीत सभा, शेतकऱ्यांची परिषद, आणि शेती, साहित्य, संगीतातले पुरस्कार. लोकवर्गणी आणि जिद्दीवर एका तालुक्याच्या गावानं एवढं उभं केलं. म्हणून मागणीही इथल्याच माणसांकडे करतो. एक पुरस्कार कमी करा, हवं तर. त्या पैशात तालुक्यातल्या एका लिहित्या मुलाला किंवा मुलीला पुस्तक पुरं होण्याआधी सहा महिन्यांची वृत्ती आणि बसायला एक खोली द्या. योगेश्वरी देवीच्या या गावात खोली मिळेल. साहित्य आणि संस्कृती मंडळानंही नवलेखक योजनेत छपाईच्या अनुदानासोबत लेखनकाळाची वृत्ती जोडावी, प्रत्येक जिल्ह्याला निदान एक. आणि घाटनांदुरात वहीत कादंबरी लिहिणाऱ्या वाचकानं, वय पस्तिशीच्या आत असेल तर, जन्माचा दाखला आत्ताच शोधून ठेवावा आणि मंडळाची पुढची जाहिरात चुकवू नये.