परदेशात किरकोळ गुन्ह्यात अडकल्यावर

खसखशीशिवाय अनारसा होत नाही. अनेक घरांत गोडा मसालाही तिच्याशिवाय कुटला जात नाही. त्यामुळे श्रीगोंद्यातून दुबईला कामाला गेलेल्या मुलासाठी दिवाळीचा डबा भरताना या दोन्ही गोष्टी पिशवीत जातातच. संयुक्त अरब अमिरातीत मात्र खसखस न्यायला बंदी आहे. ती अफूच्या बोंडातून निघते, म्हणून तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्येही ती चालत नाही. विड्याची पानं दुबई कस्टम्सच्या बंदी असलेल्या वस्तूंत आहेत. चघळायची तंबाखू सिंगापूरमध्ये नेता येत नाही, आणि ई-सिगारेट थायलंड व सिंगापूर या दोन्ही ठिकाणी थेट गुन्ह्यात जमा होते.

परदेशातला गुन्हा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तस्करी नाहीतर खून येतो. प्रत्यक्षात नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा सहलीला गेलेला साधा माणूस अडकतो तो अशा बारीकसारीक गोष्टींत. मसाला, गोळ्या, दुकानातून पैसे न देता उचललेली वस्तू, दारू पिऊन चालवलेली गाडी, रागाच्या भरात पाठवलेला मेसेज. परराष्ट्र मंत्रालयाने २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार परदेशातल्या तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय होते, कच्चे कैदी धरून. त्यातले प्रत्येकी अडीच हजारांहून जास्त सौदी आणि अमिरातीत होते. या लोकांबद्दल आणि त्यांना काय करता येतं याबद्दल गावोगावी ज्या समजुती आहेत, त्यांतल्या काही नुसत्या चुकीच्या नाहीत, तर नुकसान करणाऱ्या आहेत.

‘माहीतच नव्हतं म्हटलं की सोडतात’

सोडत नाहीत. कायदा माहीत नसणं हा बचाव आपल्याकडेही चालत नाही. २०२४-२५ च्या हिवाळ्यात गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांवर गुन्हे दाखल झाले, कारण त्यांच्या सामानात उपग्रहावर चालणारी संपर्क-यंत्रं होती. त्यांच्या देशात ही यंत्रं डोंगर चढणाऱ्या कुणाच्याही पाठपिशवीत असतात. आपल्याकडे ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. त्यांना जसं आपण सोडलं नाही, तसंच आपल्यालाही तिथे कुणी सोडत नाही.

औषधांचंही तसंच. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि खोकल्याची औषधं अमिरातीत नेताना डॉक्टरांची चिठ्ठी तर लागतेच, शिवाय तिथल्या आरोग्य मंत्रालयाची आगाऊ परवानगीही घ्यावी लागते. गुडघेदुखीच्या गोळ्या आईवडिलांच्या सामानात सुट्या टाकून देऊ नका. त्या मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह ठेवा.

सगळ्यात मोठा धोका दुसऱ्याच्या पार्सलचा. मुंबईचं एक जोडपं जुलै २०१९ मध्ये कतारला गेलं. नातेवाइकाने त्यांच्याकडे दिलेल्या पाकिटात चरस निघालं आणि दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती. त्यांची मुलगी तिथल्या तुरुंगातच जन्मली. भारतात अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास केला, कतारच्या वरच्या न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकायला लावलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये तिघं घरी परतली. हा गुन्हा किरकोळ नव्हता, पण त्याची सुरुवात ‘एवढं आमच्या माणसाला दे’ या वाक्यापासून झाली होती. आपल्याकडे असं म्हणणाऱ्याला नाही म्हणणं जिवावर येतं. तरीही परदेशी निघताना नाही म्हणाच, मग समोर सख्खं नातं का असेना. घ्यायचंच असेल, तर पाकीट देणाऱ्याच्या समोर फोडून बघा.

‘दूतावासाला फोन लागला की सुटका’

ही समजूत अर्धी खरी आहे, म्हणूनच फसवी. १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ प्रमाणे अटक झालेल्या परदेशी माणसाला, त्याची इच्छा असेल तर आपल्या दूतावासाला कळवायला लावण्याचा हक्क आहे, आणि हा हक्क आहे हे पोलिसांनीच त्याला विनाविलंब सांगायचं असतं. दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याला भेटता येतं, पत्र पाठवता येतं, वकील मिळवून देता येतो. मराठी माणसाच्या संदर्भात हे कलम गाजलं ते पाकिस्तानात अटक झालेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात. नागपूरचे हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली आणि १७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ अशा मतांनी पाकिस्तानने हेच कलम मोडल्याचा निकाल दिला. तो खटला फाशीच्या शिक्षेचा होता. पण दुकानात शर्ट उचलल्याच्या आरोपात बसलेल्या पोरालाही नेमकं तेच कलम लागू आहे.

मात्र त्याच निकालात न्यायालयाने जाधव यांच्या सुटकेचा आदेश दिला नाही, हेही ध्यानात ठेवावं. निकाल काय द्यायचा हे दूतावास तिथल्या न्यायाधीशाला सांगू शकत नाही, जामीन देऊ शकत नाही, तुमच्या वतीने खटला लढू शकत नाही. तो पाहतो ते एवढंच की माणूस जिवंत आणि धड आहे, त्याला मारहाण होत नाही, भाषा कळते आहे, वकील मिळाला आहे. पहिल्या आठवड्यात याचं मोल फार असतं. गरजूंसाठी भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो २००९ मध्ये सुरू झाला, आणि त्यातून वकिलाचा खर्च किंवा किरकोळ गुन्ह्यातला छोटा दंडही भरता येतो. तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांना माहीत नसते. बऱ्याच देशांत खासगीपणाचे कायदे कडक आहेत. कैद्याने स्वतः होकार दिल्याशिवाय तिथले पोलीस दूतावासालाही काही सांगत नाहीत. लाजेपोटी ‘घरी कळवू नका’ म्हणणारा मुलगा महिनाभर कुणाच्याच कागदावर येत नाही. म्हणून त्याने पहिल्याच चौकशीत ‘माझ्या दूतावासाला कळवा’ हे वाक्य म्हणायलाच हवं.

‘सही करून टाक, संध्याकाळी सुटशील’

माझ्या मते सगळं प्रकरण या एका सहीवर फिरतं. पोलीस ठाण्यात आणलेला माणूस दमलेला, भुकेला, घाबरलेला असतो. समोर अरबी किंवा जपानी मजकुराचा कागद येतो. कुणीतरी मोडक्या हिंदीत सांगतं, काही नाही, फक्त नोंद आहे. ती नोंद म्हणजे बहुधा कबुलीजबाब असतो.

कागद कळत नसेल तर दुभाषा मागा. मिळेपर्यंत सही करू नका. फारच दबाव आला, तर सहीच्या शेजारी मराठीत का होईना ‘यातला मजकूर मला समजलेला नाही’ असं लिहा. नाव, पासपोर्ट, राहण्याचा पत्ता मात्र खरा सांगा. त्यात लपवाछपवी केली तर नवा गुन्हा उभा राहतो. घटनेबद्दल काही बोलण्याआधी वकील. सरसकट ‘गप्प बसा’ असा सल्ला मी देणार नाही, कारण इंग्लंडमध्ये चौकशीत न सांगितलेली गोष्ट पुढे कोर्टात मांडली तर ते मौन तुमच्या विरोधात धरलं जाऊ शकतं. काय बोलायचं आणि किती, हे वकिलालाच ठरवू द्या.

वकील परवडणार नाही, हाही गैरसमजच. इंग्लंडमध्ये पोलीस ठाण्यात आणलेल्या प्रत्येकाला, तो कुठलाही नागरिक असो, वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. अमेरिकेत तुरुंगवासाची शिक्षा होणार असेल आणि पैसे नसतील, तर न्यायालय वकील देतं. जपानमध्ये अटकेनंतर वकील संघटनेचा पाळीवरचा वकील एकदा विनामूल्य येऊन भेटतो. ती भेट चुकवू नका, कारण तिथे आरोपपत्राआधीच २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं.

इंग्लंडमध्ये कधी कधी पोलीस कोर्टात न नेता ताकीद देऊन सोडतात. आपल्याला वाटतं, वाचलो. पण ती ताकीद गुन्हा कबूल केल्यावरच मिळते आणि तिची नोंद राहते.

‘तालुक्याला चालतं ते तिथे चालेल’

श्रीगोंद्याच्या कोर्टात जामीन म्हटलं की जामीनदार, त्याचा सातबारा आणि ओळखीचा वकील. दुबईत सातबाऱ्याला किंमत नाही. तिथे बहुतेकदा पासपोर्टच जमा करून घेतात आणि प्रकरण संपेपर्यंत देश सोडता येत नाही. आमदारांच्या पत्राचाही उपयोग नाही. ठाण्यात चिरीमिरी द्यायचा विचार तर मनातही आणू नका. सिंगापूरमध्ये पोलिसाला पैसे देऊ करणं हा मूळ आरोपापेक्षा मोठा गुन्हा ठरतो.

मिटवामिटवीचं थोडं वेगळं आहे. आखातात शिवीगाळीसारख्या काही गुन्ह्यांत फिर्यादीने माघार घेतली तर प्रकरण बंद होऊ शकतं. मात्र ते पोलिसांपुढे किंवा सरकारी वकिलाच्या कार्यालयात, लेखी व्हावं लागतं. इंग्लंड-अमेरिकेत खटला सरकार चालवतं. दुकानदाराच्या घरी जाऊन हात जोडले तर साक्षीदारावर दबाव आणल्याचा ठपका बसतो.

शिवीगाळ ऑनलाइन झाली तर मात्र ती हलकी समजू नका. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात ऑनलाइन अपमानाला तुरुंगवास आणि अडीच ते पाच लाख दिरहम दंडापर्यंत तरतूद आहे. मुकादमाला व्हॉट्सॲपवर पाठवलेली शिवी त्यात बसते. चेकच्या बाबतीत मात्र दिलासा आहे. खात्यात पैसे नसल्याने चेक परत जाणं हा जानेवारी २०२२ पासून तिथे सहसा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण परदेशात मोडीत काढा. तारीख चुकवून विमान पकडलं की साध्या दंडाच्या प्रकरणाचं वॉरंट होतं, आणि पुन्हा त्या देशात पाऊल ठेवलं की विमानतळावरच अटक.

‘दंड भरला, विषय संपला’

अमेरिकेच्या व्हिसा अर्जात ‘कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का’ असा प्रश्न असतो. माफी मिळाली असली तरी हो लिहावं लागतं. दुकानातली चोरी तिथे नैतिक अधःपतनाचा गुन्हा समजली जाते. एकच गुन्हा, कमाल शिक्षा वर्षाच्या आतली आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या आतली असेल तर सवलत मिळते. म्हणजे कबुली कोणत्या कलमाखाली दिली यावर मुलाचा पुढचा व्हिसा ठरतो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे की कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकते का, हे परदेशी अशिलाला वकिलाने समजावलंच पाहिजे. वकिलाला तसं विचारा. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासाने भारतात जाहीर इशारा दिला होता की चोरी, मारामारी केल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो. कॅनडात दारू पिऊन गाडी चालवणं डिसेंबर २०१८ पासून गंभीर गुन्ह्यांत मोडतं.

भारतात आलो की सुटलो, असंही नाही. भारतीय नागरिकाने परदेशात केलेला गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कक्षेत येतो. इथे खटला चालवायला केंद्र सरकारची आधी मंजुरी लागते, इतकंच. उलट, पासपोर्ट कायद्यातल्या पासपोर्ट नाकारण्याच्या ज्या कलमाचं लोक भय घेतात, ते भारतातल्या फौजदारी न्यायालयात प्रलंबित खटल्याबद्दल आहे. श्रीगोंद्याच्या कोर्टात बांधावरच्या भांडणाची केस चालू असेल, तर परदेशी जाण्यासाठी त्याच कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

घरी फोन आल्यावर

पहिल्या फोनवर रडारड होते आणि कामाची माहिती राहून जाते. पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, अटकेची तारीख, पोलीस ठाण्याचं नाव आणि मालकाचा फोन, एवढं लिहून घ्या. पासपोर्टची झेरॉक्स घरी असायलाच हवी. याच माहितीवर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. ते २०१५ पासून चालू आहे, आणि तक्रारीचं पुढे काय झालं हे तिथे पाहता येतं. त्याच दिवशी दूतावासालाही ईमेल करा. ‘पन्नास हजार द्या, उद्या सोडवतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. प्रकरण मिटल्यावर मुलाने तिथून निघण्यापूर्वी निकालाची शिक्का असलेली प्रत, दंडाची पावती आणि दोन्हींचं इंग्रजी भाषांतर सोबत आणावं. पुढच्या कुठल्याही व्हिसाच्या खिडकीवर हेच तीन कागद मागितले जातात, आणि इथे बसून ते मिळवायला महिने लागतात.