आजोबांच्या मानेतली गाठ : आधी कोणती तपासणी?

७५ वर्षांच्या आजोबांच्या मानेत गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून कुणी लक्ष दिले नाही. मग वजन घटले, संध्याकाळी कणकण जाणवू लागली, रात्री घामाने कपडे भिजू लागले. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो रास्तही असतो. पण हीच लक्षणे लिम्फोमाची, म्हणजे लसिका संस्थेच्या कर्करोगाचीही असू शकतात. खात्री न करता क्षयाची औषधे सुरू केली, तर मोलाचा वेळ वाया जातो.

सुरुवात रक्ततपासणीने होते. मात्र सीबीसी नॉर्मल आला म्हणून लिम्फोमा नाही, असे नसते. एलडीएच किंवा ईएसआर इतर आजारांतही वाढते. त्यामुळे केवळ रक्तावरून बहुधा निदान होत नाही.

बारीक सुईने पेशी काढण्याची एफएनएसी सोपी असते. पण लिम्फोमा ओळखायला ग्रंथीची रचना पाहावी लागते. ती सुट्या पेशींत दिसत नाही. म्हणून अहवालात काही आढळले नाही, तरी गाठ कायम असेल तर बायॉप्सी हवीच. शक्यतो अख्खी ग्रंथी काढावी. मानेतली वरवरची ग्रंथी अनेकदा तेवढ्याच जागी भूल देऊन काढता येते. गाठ खोलवर असेल किंवा प्रकृती तोळामासा असेल, तर जाड सुईची बायॉप्सी करतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगा.

नमुन्याचा थोडा भाग फॉर्मेलिनमध्ये न घालता क्षयाच्या कल्चरसाठी पाठवता येतो. उरलेल्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करून लिम्फोमाचा प्रकार कळतो. पेशींवर ‘सीडी २०’ असेल, तर रितुक्सिमॅब वापरता येते. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासणे आवश्यक असते. आजार किती पसरला, हे पेट-सीटी दाखवते; पण ते बायॉप्सीची जागा घेऊ शकत नाही. तातडीची गरज नसेल, तर बायॉप्सीपूर्वी स्टिरॉइड टाळावे. गाठ तात्पुरती ओसरते आणि निदान हुकते.

‘या वयात कशाला चिरफाड?’ असे घरचे म्हणतात. पण काही लिम्फोमा इतके संथ असतात, की नुसते लक्ष ठेवणे पुरते. काही वेगाने वाढतात, तरीही बरे होऊ शकतात. ऐंशीपुढच्यांनाही कमी मात्रेत केमो देता येते. आजोबांना उपचार हवेत की नकोत, हे वयावरून नव्हे, तर आजाराचा प्रकार आणि त्यांची प्रकृती पाहून ठरवायचे. त्यासाठी आधी प्रकार कळायला हवा.