ओपन जीपमधून फिरायला निघताय? फोन वाचवायचा असेल तर या वस्तू सोबत ठेवा

गोव्याचा प्लॅन ठरला की ग्रुपमध्ये पहिला मेसेज येतो, "थार घेऊ, वरून ओपनवाली." २०२० मध्ये नवीन महिंद्रा थार आली, तिच्यात कन्व्हर्टिबल सॉफ्ट टॉपचा पर्यायही होता. त्यामुळे छत उघडून फिरण्याची हौस भागवायला आता लाखो रुपयांची परदेशी स्पोर्ट्‌स कार लागत नाही. दोन दिवस भाड्याने गाडी घेतली तरी काम होतं.

पण छत उघडलं की काय काय बदलतं, याचा विचार फार कमी जण करतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे कुठलीही सिस्टीम समोर आली की मी आधी विचारतो, यातला हा भाग काढला तर कोणती कामं बंद पडतील? गाडीचं छत चार कामं करतं. ऊन अडवतं, वारा अडवतं, पाऊस आणि धूळ बाहेर ठेवतं, आणि सामान कुलुपात ठेवतं. छत उघडलं की ही चारही कामं तुमच्या अंगावर येतात. म्हणून यादी करताना "काय छान दिसेल" हे बघू नका. छताचं कोणतं काम कोणती वस्तू करणार, ते बघा.

१. ऊन: सगळ्यात आधी फोन हार मानतो

अ‍ॅपलने आयफोन वापरण्यासाठी सांगितलेलं आसपासच्या हवेचं तापमान आहे ० ते ३५ अंश सेल्सिअस. मे महिन्यात गोव्यात सावलीतली हवाच ३३-३४ अंशांवर असते. त्यात डॅशबोर्डवर थेट उन्हात काळ्या काचेचा फोन, मॅप चालू, ब्राइटनेस फुल आणि वर चार्जिंगही चालू. बाहेरून ऊन आणि आतून प्रोसेसर, स्क्रीन, बॅटरी अशी दोन्हीकडून उष्णता साचत जाते.

मग फोन स्वतःला वाचवायला लागतो. क्रम थोडाफार बदलेल, पण साधारण असं होतं:

- चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं.
- स्क्रीन आपोआप अंधूक होते. उन्हात मॅप दिसेनासा होतो तो यामुळे.
- प्रोसेसरचा वेग कमी होतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात.
- नेटवर्कचा रेडिओ कमी पॉवरवर जातो, सिग्नल कमजोर होतो.
- शेवटी तापमानाची सूचना येते आणि फोन थंड होईपर्यंत बाकीचं काम बंद. आयफोनवर त्या स्थितीत इमर्जन्सी कॉल मात्र लावता येतो.

हा बिघाड नाही, फोन तसाच बनवलेला आहे. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही, म्हणून सॉफ्टवेअर आधीच हात आखडता घेतं. प्रॉब्लेम एवढाच की हे नेमकं अनोळखी रस्त्यावर, मॅपची गरज असताना होतं.

यावर उपाय म्हणून सोबत ठेवा:

- एसी व्हेंटला लावायचा मोबाईल होल्डर. छत उघडं असताना एसीची हवा उडून जाते हे खरं, पण व्हेंटच्या तोंडाशी ती थंडच असते. ती फोनच्या पाठीवर लागू द्या. काचेवर चिकटवायचा होल्डर इथे नको, तो फोनला थेट उन्हात ठेवतो.
- केबल आणि चांगला कार चार्जर. वायरलेस चार्जिंगमध्ये फोन जास्त तापतो. उन्हात केबलच बरी.
- पॉवर बँक, पण ग्लोव्ह बॉक्समध्ये. तीही लिथियम बॅटरीच आहे, त्यामुळे डॅशबोर्डवर किंवा सीटवर उन्हात टाकू नका. विमानाने जात असाल तर ती हँडबॅगमध्येच ठेवावी लागते, चेक-इन बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॅट-अवर. २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४ वॅट-अवर (२० अँपिअर-अवर गुणिले ३.७ व्होल्ट), म्हणून ती बसते.

फोन तापलाच तर केस काढा, चार्जिंग बंद करा आणि सावलीत ठेवा. बर्फाच्या पेटीत किंवा फ्रीजमध्ये अजिबात नको. एकदम थंड केल्यावर आत दव धरतं आणि एक दुखणं जाऊन दुसरं येतं.

अंगाचंही तेच आहे. वारा लागत असल्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी खांदे लाल झालेले दिसतात. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा. प्रत्येकी किमान एक लिटर पाणी ठेवा. गॉगलबद्दल एक टीप: पोलराइज्ड गॉगलमधून काही फोनची स्क्रीन एका दिशेने धरल्यावर काळी दिसते. फोन आडवा करून बघा, लगेच दिसेल. गॉगल घेण्याआधी दुकानातच स्वतःच्या फोनवर हे तपासा.

२. वारा: हलकी वस्तू म्हणजे गेलेली वस्तू

पुढच्या काचेवरून गेलेला वारा सरळ मागे जात नाही. काचेच्या मागे दाब कमी होतो आणि हवा मागून वळून पुन्हा पुढे येते. केस उडून चेहऱ्यावर येतात ते म्हणूनच. सीटवर ठेवलेलं बिल, टोपी, चिप्सचं पाकीट, सगळं याच भोवऱ्यात वर उचललं जातं. मागच्या सीटवर तर वारा आणखी जोरात लागतो.

- हनुवटीखाली दोरी असलेली टोपी किंवा डोक्याला घट्ट बांधायचा स्कार्फ. साधी कॅप पहिल्याच सरळ रस्त्यावर जाते.
- चेन असलेली छोटी बॅग, सीटच्या पायाला अडकवून. पाकीट आणि चाव्या त्यात.
- फोनला मनगटाची दोरी, मागे बसून शूटिंग करणाऱ्यासाठी. उडालेला फोन मागून येणाऱ्या बाईकवाल्याच्या अंगावर जाऊ शकतो. प्रश्न फक्त तुमच्या ईएमआयचा नाही.
- माईकसाठी केसाळ कव्हर. व्हिडिओत जो खरखराट येतो तो आवाज नसतो, हवाच माईकच्या पडद्यावर आपटत असते. मऊ केसांचं कव्हर हवेचा वेग तिथेच मोडतं आणि बोलणं जाऊ देतं. हे नसेल तर बोलायचं ते गाडी थांबवून रेकॉर्ड करा.

सीटबेल्ट पुढच्यांनीही लावायचा आणि मागच्यांनीही. बंद गाडीत दार आणि छत तुम्हाला थोडंफार आत धरतात. इथे ते काम एकटा बेल्ट करतो. उभं राहून रील काढायची असेल तर गाडी पार्क करून काढा, कुणाला कळणारही नाही.

३. पाऊस, धूळ आणि वाळू

थारचा सॉफ्ट टॉप हाताने लावावा लागतो, बटण दाबून येत नाही. त्यामुळे गाडी ताब्यात घेताना मालकाला सांगा, "दादा, एकदा लावून दाखवा", आणि मग त्याच्यासमोर स्वतः लावून बघा. जून ते सप्टेंबरमध्ये कोकणात सर सांगून येत नाही.

- ड्राय बॅग. तोंड गुंडाळून बंद होणारी, १०-१५ लिटरची पुरते. पाऊस आला की चौघांचे फोन, पॉवर बँक, कॅमेरा एका झटक्यात आत.
- दोन जुने टॉवेल. सीट पुसायला, आणि उन्हात तापलेल्या सीटवर टाकायला.
- मायक्रोफायबर कापड. स्क्रीनवरची वाळू शर्टाने पुसली की ओरखडे पडतात. आधी फुंकर, मग कापड.

"माझा फोन आयपी६८ आहे" यावर फार विसंबू नका. ही चाचणी स्वच्छ पाण्यात होते, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात नाही. यूएसबी पोर्ट ओला असेल तर पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावायचा नाही. आणि गोव्यात गाडी बीचवर नेण्यास मनाई आहे. दंड होतो आणि गाडी वाळूत रुतते ती वेगळीच.

४. कुलूप: उघड्या गाडीला लॉक नसतं

शॅकवर जेवायला उतरताना छत उघडंच असेल तर गाडीत काहीही ठेवू नका. ग्लोव्ह बॉक्सला चावी लागते का ते आधी बघा. निघण्यापूर्वी फोनवर दोन कामं करा:

- *#०६# डायल करून आयएमईआय नंबर घ्या आणि घरच्यांना पाठवून ठेवा. फोन चोरीला गेला तर पोलीस तक्रारीनंतर संचार साथी पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो, तेव्हा हा नंबर लागतो.
- फाइंड माय किंवा फाइंड हब चालू आहे ना, ते सेटिंगमध्ये बघा.

५. फोन बंद पडला तर? कागदी प्लॅन बी

चोर्ला किंवा आंबोली घाटात नेटवर्क मध्येच जातं. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागतं. म्हणून हॉटेलच्या वायफायवर गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, आणि तो एकाच नाही तर दोघांच्या फोनमध्ये.

लायसन्स डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असेल तर कायद्याने चालतं. गॅलरीतला फोटो चालत नाही. पण उन्हाने फोनच झोपला तर डिजीलॉकर तरी कसं उघडणार? म्हणून मूळ कार्ड, ५०० रुपये रोख आणि गाडीमालकाचा व हॉटेलचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. इमर्जन्सीसाठी ११२ लक्षात ठेवा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी आसपास दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर हा कॉल लागू शकतो.

आणखी एक: भाड्याच्या सेल्फ-ड्राइव्ह गाडीची नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका. अपघात झाला तर इन्शुरन्सचा वांधा होतो.

थोडक्यात यादी (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

- ऊन: व्हेंट होल्डर, केबल, पॉवर बँक, सनस्क्रीन, गॉगल, पाणी
- वारा: दोरीची टोपी, चेनची बॅग, फोनची दोरी, माईक कव्हर
- पाऊस-वाळू: ड्राय बॅग, टॉवेल, मायक्रोफायबर कापड
- कुलूप: आयएमईआय नंबर, फाइंड माय किंवा फाइंड हब
- प्लॅन बी: ऑफलाइन मॅप, मूळ लायसन्स, रोख, नंबरांची चिठ्ठी

होल्डर आणि ड्राय बॅग सोडली तर यातलं बरंचसं घरातच सापडेल. सगळं एका बॅगेत आदल्या रात्री भरा, आणि ज्याने ग्रुपवर "ओपनवाली घेऊ" म्हटलं त्यालाच ही यादी पाठवा. बॅग भरायचं काम त्याचं!