झाकण उघडू नका, प्लीज!

सकाळी पंधरा मिनिटं द्यायची, बटण फिरवायचं आणि ऑफिस गाठायचं. रात्री घरी येईस्तोवर रस्सा तयार! स्लो कुकर नावाचा हा निवांत गडी आपल्या धावपळीच्या घरात खरंच फिट बसतो का? दोन वर्षं वापरून, बिघडवून, पुन्हा वापरून झाल्यावरचा हा रिपोर्ट.

सीन तुमच्याही ओळखीचा असेल. रात्रीचे दहा वाजलेत. हिंजवडीहून निघालेली बस वाकडच्या चौकात अडकून अडकून आता कुठे तुम्हाला कोथरूडला सोडून गेलीय. चपला काढता काढता आईचा फोन येतो. ‘‘जेवलीस का गं?’’ आणि तुम्ही बिनधास्त ठोकून देता, ‘‘हो, वरणभात केला होता.’’ फोन ठेवून फ्रिज उघडता. आत अर्धं लिंबू, गेल्या रविवारची चटणी आणि इडलीच्या पिठाचा एक डबा, ज्याचं झाकण उघडायची कुणाची टाप नाही.

तेवढ्यात नवरा येतो. ‘‘काय करायचं?’’ ‘‘तूच सांग.’’ ‘‘काल मीच केलं होतं.’’ ‘‘मॅगीला करणं म्हणतात?’’

आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातली निम्मी भांडणं फ्रिजचं दार उघडं ठेवून झाली आहेत. शेवटी मोबाइलवरून काहीतरी मागवायचं, ते पावणेअकराला येणार, त्याने टीव्हीसमोर खायचं, मी लॅपटॉपसमोर. झोपायच्या आधी दोघांनी अ‍ॅसिडिटीची गोळी घ्यायची. महिनाअखेरीला बाहेरून मागवलेल्या जेवणाचा हिशेब केला, तेव्हा तो घराच्या मेंटेनन्सच्या तिप्पट निघाला. पैशांचं एक वेळ सोडा. दोघं एका घरात राहून आठवड्यातून एकदासुद्धा धड एका ताटाला बसत नाही, हे मात्र जाम लागलं.

‘‘त्यात काय, प्रेशर कुकर लाव की,’’ असं म्हणणारी एक मैत्रीण प्रत्येकीला असते. कुकर झिंदाबादच आहे, वादच नाही. पण शिट्ट्या मोजायला माणूस लागतं, आणि तेही रात्री दहाला, दमलेलं. प्रेशर कुकर वीस मिनिटं घेतो, पण ती तुमची असतात. स्लो कुकर आठ तास घेतो, पण त्या आठ तासांत तुम्ही ऑफिसात बसून पगार मिळवत असता. हा सगळा फण्डा एवढाच.

माळ्यावरचा पाहुणा

आमचा पहिला स्लो कुकर दिराने न्यू जर्सीहून आणला. मस्त चकचकीत, लालभडक. सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियनकाकांनी तो उलटा करून तळाशी लिहिलेलं वाचलं म्हणून वाचलो. 120 व्होल्ट! आपल्याकडे 230. तसाच लावला असता तर त्याने जवळजवळ चौपट वीज ओढली असती आणि पहिल्याच दिवशी राम म्हटला असता. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण ओट्यावर तेवढी जागा कुणाकडे आहे? सध्या त्यात मनीप्लांट आहे. तेव्हा अमेरिकेतल्या नातेवाइकांना लिस्ट पाठवताना बदाम, चॉकलेट्स वगैरे लिहा. कुकर इथलाच घ्या.

हे यंत्र दिसायला अगदी साधं आहे. आत जाड सिरॅमिकचं भांडं, बाहेर धातूचं कवच, कवचात हीटर आणि वर काचेचं झाकण. ‘लो’, ‘हाय’ आणि ‘वॉर्म’ अशी तीन बटणं. लो आणि हायमध्ये फरक असतो तो वेगाचा. दोन्हीकडे पदार्थ शेवटी उकळीच्या जरा खालीच पोचतो. हायवर तो लवकर पोचतो, लोवर आरामात. जे हायवर चार तासांत होतं, त्याला लोवर साधारण आठ लागतात. दोघांसाठी दोन ते तीन लिटरचं भांडं पुरतं. मोठं घेऊन तळाला इवलीशी आमटी घातली तर ती करपते. भांडं निम्म्याहून जास्त आणि पाऊणपेक्षा कमी भरलेलं असावं.

याचा जनक आयर्व्हिंग नॅक्सन हा अमेरिकन इंजिनीअर. लिथुआनियातून आलेल्या त्याच्या ज्यू घरात एका पदार्थाची आठवण सांगितली जायची. त्याचं नाव चोलंट. शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच मांस, घेवडे, बटाटे भरलेलं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन ठेवायचं. विझत चाललेल्या भट्टीच्या उबेवर ते रात्रभर शिजायचं. नॅक्सनने हीच ऊब विजेवर आणली आणि 1940 मध्ये पेटंट मिळवलं. पण खरी धूम झाली ती 1971 मध्ये. त्याची कंपनी विकत घेतलेल्या ‘रायव्हल’ने हे भांडं ‘क्रॉक-पॉट’ म्हणून बाजारात आणलं. नोकरीला बाहेर पडणाऱ्या अमेरिकन बायकांनी ते डोक्यावर घेतलं. म्हणजे फ्रिजसमोरची भांडणं तिकडेही होत असणार.

आपण मात्र फार इम्प्रेस व्हायचं कारण नाही. आपल्या कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910 मध्येच ‘इकमिक कुकर’ काढला होता. खाली कोळशाची शेगडी, वर डब्यांची चळत, आणि सगळं वाफेवर सावकाश शिजणार. नाव ‘हायजिनिक’ आणि ‘इकॉनॉमिक’ यांचं कडबोळं. आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या चुलीला वैल होताच की! वैल म्हणजे मुख्य चुलीच्या बाजूला असलेलं दुसरं तोंड. तिथे जाळ येत नाही, नुसती धग येते. आमटीला फोडणी बसली की पातेलं वैलावर सरकवायचं आणि आजी दुसऱ्या कामाला मोकळी.

आधी केलेले पराक्रम

स्लो कुकरची बहुतेक पुस्तकं अमेरिकन. ‘सगळं टाका आणि विसरा’ हा त्यांचा मंत्र. मी पहिल्या दिवशी तो शब्दशः पाळला. कच्चा कांदा, कच्चं आलं-लसूण, मटण, मसाला आणि नेहमीसारखं चार वाट्या पाणी. रात्री झाकण उघडलं तर आत हॉस्पिटलमधलं सूप! कांदा पांढराफटक, मसाला कच्चा, आणि पाणी घातलं त्यापेक्षा जास्त. त्या रात्री पुन्हा पिझ्झा.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. एक तर या भांड्यात काही परतलं जात नाही. तेवढी उष्णताच नसते. त्यामुळे कांदा-खोबरं आधी कढईत खमंग भाजायलाच हवं. त्याला शॉर्टकट नाही. आणि दुसरं म्हणजे, झाकण घट्ट असल्याने वाफ बाहेर जात नाही, पाणी आटत नाही. उलट मटण आणि भाज्या स्वतःचं पाणी सोडतात. नेहमीच्या निम्म्याहून कमी पाणी घाला. रस्सा पातळ हवा असेल तर शेवटी उकळतं पाणी घालता येतं. घातलेलं काढता येत नाही!

अख्खे मसालेही जपून. लवंग, दालचिनी, मसाला वेलची आठ तास डुंबत राहतात. नेहमीएवढ्या घातल्या तर जेवण नाही, काढा होतो. चिंच, कोकम, टोमॅटो हे सगळं शेवटी. आंबट आधी पडलं की डाळ हट्टाला पेटते, शिजता शिजत नाही. दही आणि नारळाचं दूधसुद्धा शेवटीच, नाहीतर फाटतं. बटाटे-गाजरं तळाशी, मटण वर, कारण या भांड्यात कंदांना मटणाइतकाच, कधी त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि झाकण उघडायचं नाही. प्लीज! एकदा डोकावलात की साठलेली ऊब भुर्रकन जाते आणि वीसेक मिनिटं वाढतात. आमच्याकडे या कारणासाठी नवऱ्याला रविवारी किचनबंदी असते.

राजम्याबद्दल मात्र मजा बाजूला ठेवून सांगते. राजम्यात एक नैसर्गिक विष असतं आणि ते खळखळून उकळल्यावरच जातं. स्लो कुकरच्या मंद उष्णतेवर ते जाईलच असं नाही. असा अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. उलट्या, जुलाब, सगळं. म्हणून रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला. मसूर, मूग यांचं हे टेन्शन नाही. तसंच फ्रीझरमधलं दगडासारखं मटण थेट टाकायचं नाही. ते गरम व्हायलाच इतका वेळ घेतं की जंतूंची पार्टी होते. आधी रात्रभर फ्रिजमध्ये खाली उतरवून ठेवा.

आता खरी मजा

मटण! स्लो कुकरचा जन्मच यासाठी झालाय. खाटकाकडे नळी, खांदा, मान मागा. हे चिवट तुकडे तासन्‌तास मंद आचेवर राहिले की त्यांतलं कोलाजेन विरघळून जिलेटिन होतं. मटण हाडापासून सुटतं आणि रस्सा बोटांना चिकटतो. (चिकनच्या छातीच्या तुकड्यांचा मात्र आठ तासांत कापूस होतो. चिकन घ्यायचंच तर तंगडी घ्या आणि पाच तासांत थांबा.) रात्री अर्धा किलो मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण चोळून फ्रिजमध्ये ठेवायचं. कांदा-खोबऱ्याचं वाटणही रात्रीच भाजून, वाटून तयार. सकाळी कढईत तेल, वाटण, कांदा-लसूण मसाला, त्यात मटण पाच मिनिटं परतायचं. दोन बटाटे तळाला, वर हे सगळं, एक वाटी गरम पाणी आणि लोवर आठ तास. सकाळची एकूण मेहनत पंधरा मिनिटं; त्यातली पाच मी मोबाइल शोधण्यात घालवते.

शाकाहारी मंडळींनी अख्ख्या मसूरपासून सुरुवात करावी. एक वाटी मसूर, तीन वाट्या गरम पाणी, हळद, थोडं तेल. लोवर सात-आठ तास. रात्री छोट्या कढईत जिरं, हिंग, भरपूर लसूण, कांदा, मसाला आणि टोमॅटो अशी झणझणीत फोडणी करून वर ओतायची, मीठ घालायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून. त्यात लाज कसली?

आणि गोडात गव्हाची खीर. सडलेला खपली गहू एक वाटी, रात्रभर भिजवून, चार वाट्या पाण्यात लोवर आठ तास. ढवळायला नको, तळाला लागायची भीती नाही. गहू पूर्ण मऊ झाल्यावरच गूळ घाला, आधी घातला तर दाणा टणक राहतो. मग वेलची, जायफळ. दूध मात्र वाढताना वाटीत, म्हणजे गुळाने नासत नाही.

बाकी पोहे, पिठलं, भेंडी, मासे यांच्या वाटेला स्लो कुकरने जाऊ नये. मोकळा भातही त्याला जमत नाही. मी तीनदा ट्राय केलं, तिन्ही वेळा पेज झाली.

विजेचं काय?

लहान कुकर साधारण दोनशे वॅटच्या आसपासचा असतो. आठ तासांचे 1.6 युनिट, म्हणजे तासभर चाललेल्या गिझरपेक्षाही कमी. घेताना एक गोष्ट नक्की बघा. वेळ संपल्यावर आपोआप ‘वॉर्म’वर जाणारा टायमर. घरातून सकाळी साडेआठला निघून रात्री दहाला टेकणाऱ्यांना याशिवाय तरणोपाय नाही. ‘उशिरा सुरू’वाला टायमर मात्र मटणासाठी वापरू नका, कच्चं मटण बाहेरच्या तापमानाला तासन्‌तास पडून राहतं.

आणि लाइट गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न हमखास. माझी युक्ती अशी: कुकरच्याच स्विचबोर्डवर एक जुनं डिजिटल घड्याळ लावून ठेवलंय, बॅटरी काढलेलं. घरी आल्यावर ते बारावर लुकलुकत असलं की समजायचं, वीज गेली होती. किती वेळ गेली होती हे कळलं नाही तर मटण टाकून द्यायचं. जीव तुटतो, मान्य आहे. गेल्या पावसाळ्यात एकदा तुटलाही.

पण फ्रिजसमोरचं ते भांडण मात्र बंद झालंय. आता सकाळी जो उशिरा निघतो, तो कुकर भरतो. बहुतेक वेळा नवराच. रात्री लिफ्टचं दार उघडलं की पॅसेजमध्येच वास येतो. आपल्या घरातून! आठवड्यातले तीन दिवस तरी आम्ही एकत्र जेवतो.

गेल्या महिन्यात आई साताऱ्याहून राहायला आली. आम्ही दोघं ऑफिसला, ती घरी, आणि ओट्यावर मटण लोवर लावलेलं. निघताना दहा वेळा बजावलं, ‘‘आई, झाकण उघडू नकोस हं.’’ तिने यंत्राकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘‘हा तर वैल आहे, विजेचा.’’

रात्री आम्ही आलो तर तिघांची पानं मांडलेली. बटाटा दाबून बघितला, अजून कडक. मी आईकडे बघितलं.

‘‘तीनदाच उघडलं गं,’’ ती म्हणाली, ‘‘मीठ बघायला.’’

सव्वादहाला जेवायचं होतं, सव्वाअकराला जेवलो.