डेबियनची उघडी तक्रारवही

डेबियनला मालक नाही, मुख्यालय नाही आणि पगारपत्रकही नाही. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या अमेरिकी विद्यार्थ्याने तिची घोषणा केली. तेव्हापासून ही मुक्त संगणकप्रणाली स्वयंसेवकांच्या बळावर उभी आहे. उबुंटू आणि रास्पबेरी पायची प्रणाली तिच्यावरच बेतलेली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘ट्रिक्सी’ या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक सॉफ्टवेअर पॅकेजेस आहेत. हजारेक अधिकृत डेव्हलपर आणि त्यांच्या जोडीला इतर अनेक हौशी माणसं त्यांची देखभाल करतात. काहींना त्यांच्या कंपन्या या कामासाठी वेळ देतात, पण डेबियन स्वतः कुणालाही पगार देत नाही.

मग काही बिघडलं, तर दाद कुणाकडे मागायची?

याचं उत्तर डेबियनच्या दोन दस्तऐवजांत आहे. १९९७ च्या ‘सामाजिक करारा’त सभासदांनी वापरकर्त्यांना वचन दिलं की तुमचं हित आणि मुक्त सॉफ्टवेअर यांनाच आम्ही अग्रक्रम देऊ, आणि दोष लपवणार नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या घटनेने सभासदांना अभय दिलं की कुणावरही कामाची सक्ती नाही. वापरकर्त्याचं हित सर्वांत आधी, पण त्यासाठी राबायला कुणीही बांधील नाही. वरवर पाहता ही दोन वचनं एकमेकांना छेद देणारी. त्यांचा मेळ बसतो तो डेबियनच्या बग-नोंदणी व्यवस्थेत.

ही व्यवस्था म्हणजे सगळ्या जगासमोर उघडी ठेवलेली तक्रारवही. ती ईमेलवर चालते, खातं उघडावं लागत नाही. तक्रार नोंदवायला ‘रिपोर्टबग’ नावाची आज्ञावली आहे. पॅकेजचं नाव सांगितलं की ती आधी त्या पॅकेजवरच्या जुन्या तक्रारी दाखवते, म्हणजे तेच रडगाणं पुन्हा नोंदवलं जाऊ नये. पॅकेजची आवृत्ती आणि ते ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या पॅकेजेसची यादी ती आपणहून जोडते. मग मोजके प्रश्न समोर ठेवते: हे कशातून उद्भवलं? तुम्ही नेमकं काय केलंत? त्याचा परिणाम काय झाला? त्याऐवजी काय व्हायला हवं होतं?

या प्रश्नांची उत्तरं नीट लिहिली की निम्मं काम होऊन जातं. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेली तक्रार आली, तर ते पॅकेज सांभाळणाऱ्या बिचाऱ्या मेंटेनरची संध्याकाळ अंदाज बांधण्यात जाते. कोणती फाइल उघडली, कोणता संदेश आला आणि पुन्हा तसंच केलं तर पुन्हा तेच होतं का, एवढं कळलं तर त्याच संध्याकाळी दुरुस्तीला हात घालता येतो. डेबियनमध्ये वापरकर्ता दुरुस्तीतला भागीदार असतो, तो असा.

प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो आणि तिची तीव्रता ठरते. ‘इच्छायादी’ ही सर्वांत खालची पायरी, ‘क्रिटिकल’ सर्वांत वरची. सर्वांत वरच्या तीन पायऱ्यांवरचे दोष पुढच्या आवृत्तीची वाट अडवतात. ते वेळेत दूर झाले नाहीत, तर ते पॅकेजच आवृत्तीतून वगळलं जाऊ शकतं.

सक्ती नसली तरी मेंटेनरवर एक नैतिक बंधन आहे. झेपत नसेल तर तसं मोकळेपणाने सांगायचं. तो मदत हवी अशी नोंद करू शकतो, पॅकेज ‘अनाथ’ म्हणून जाहीर करू शकतो, आणि मग दुसरं कुणी ते दत्तक घेऊ शकतं. तो बराच काळ गप्प राहिला, तर दुसरा डेव्हलपर गंभीर दोष दुरुस्त करून ते पॅकेज चढवू शकतो. मात्र प्रघात असा की दुरुस्ती आधी काही दिवस रांगेत थांबवायची, म्हणजे मूळ मेंटेनरला बोलायला अवधी मिळतो. हक्क सोडून देण्याची अशी सन्मानाची वाट ठेवली आहे, म्हणूनच इतकी वर्षं इतकं काम टिकलं.

ही वाट नसली तर काय होतं, ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड हे फाइली आकसून ठेवणारं साधन डेबियनसह बहुतेक लिनक्स प्रणालींमध्ये असतं. मूळ प्रकल्प वर्षानुवर्षं जवळजवळ एकच माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये काही खात्यांनी ‘काम संथ आहे’ म्हणून त्याच्यामागे लकडा लावला. आपल्याला मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत आणि हा छंदाचा प्रकल्प आहे, असं त्याने उघडपणे लिहिलंही. तगादा लावणारी ती खाती बनावट असावीत असा आज दाट संशय आहे. मदतीच्या मिषाने ‘जिया टॅन’ या नावाची व्यक्ती आत शिरली आणि तिने यथावकाश त्यात चोरदरवाजा बसवला.

तो पकडला अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरने. डेबियनच्या अस्थिर शाखेवर दुसऱ्याच कामाची चाचणी घेताना दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ते सोडून दिलं नाही, मुळाशी गेला आणि पुराव्यांसह सविस्तर लिहिलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो घातक कोड पोचलाच नाही.

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची किंमत कुणीतरी आपल्या वेळेने मोजत असतं. ती एकाच माणसाकडून वसूल केली की तो खचतो आणि त्याच्यामागे सगळ्यांची सुरक्षा ढासळते. कोड लिहिता येत नाही म्हणून हा भार वाटून घेण्यातून कुणाची सुटका होत नाही. नेमकी तक्रार लिहिणं, जुनी तक्रार नव्या आवृत्तीत अजून लागू आहे का ते तपासणं, नवख्याला उत्तर देणं, अनुवाद सुधारणं, ही सगळी कामं तितक्याच तोलाची आहेत.

डेबियनचा इन्स्टॉलर मराठीतही उपलब्ध आहे. एकदा तो चालवून पाहा. एखादं वाक्य खटकलं, तर तसं नोंदवा आणि सोबत सुधारलेलं वाक्यही पाठवा.